माननीय गृहमंत्री, व्यासपीठाकडे पाठ करून उभा राहणारा एक माणूस हवा आहे

माननीय गृहमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका मोठ्या मैदानावरच्या जाहीर सोहळ्याला मी मुलीला घेऊन गेले होते. व्यासपीठ सुंदर सजवलं होतं म्हणे. मला दोन तास दिसली ती समोरच्या गृहस्थांच्या पाठीवरची सॅक. त्याची तक्रार नाही, गर्दीत जायचं तर एवढं गृहीतच असतं.

तक्रार आहे ती कार्यक्रम संपल्यानंतरची. मैदानाला दारं दोन. त्यातलं मोठं दार पाहुण्यांच्या ताफ्यासाठी राखलेलं, म्हणजे बंद. उरलेल्या दाराकडे सगळं मैदान वळलं. दोन्ही बाजूंना बॅरिकेड. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसेना, पुढच्यांना मागे फिरता येईना. थोड्या वेळाने लक्षात आलं की आपण चालत नाही आहोत, आपल्याला नेलं जातंय. माझी चप्पल निघाली आणि तिथेच राहिली. वाकायचं नाही, हे अशा वेळी कुणी शिकवावं लागत नाही. मुलीला म्हटलं, दोन्ही हात छातीपुढे धर. फोन लागत नव्हता. बॅरिकेडपलीकडच्या तरुण हवालदाराला सगळं दिसत होतं, पण त्याच्या वॉकीटॉकीवर फक्त ताफ्याची चौकशी चालू होती. दार उघडायचा अधिकार त्याला नव्हता, आणि तो कुणाला आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मी या विषयावर बरंच वाचलं. एका चौरस मीटरमध्ये चारेक माणसं असेपर्यंत माणूस आपल्या पायांनी चालतो. आकडा सहाच्या पुढे गेला की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो. अशा ठिकाणी पुष्कळ जण पायाखाली येऊन मरत नाहीत. छातीवर सगळीकडून दाब येतो, श्वासासाठी ती फुगू शकत नाही, आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. मग दुसऱ्या दिवशी 'गर्दी अनावर झाली' असं छापून येतं, जणू दोष मेलेल्यांचाच. इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमवर 1989 मध्ये झालेल्या दुर्घटनेत 97 जणांचा जीव गेला. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे ज्यूरीने सांगायला 2016 उजाडलं.

जर्मनीत डुइसबुर्गला 2010 च्या संगीत महोत्सवात येण्याची आणि जाण्याची वाट एकच होती, 21 माणसं गेली. सोलमध्ये 29 ऑक्टोबर 2022 ला एका अरुंद उताराच्या गल्लीत लोक अडकले, मृतांचा आकडा 159 वर गेला. तिथे चेंगरण्याची भीती सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गेला होता. अनर्थ घडला रात्री दहानंतर. साडेतीन तास हाताशी होते! आणि 4 जून 2025 चं बंगळुरू तर आपल्याला आठवत असेलच: स्टेडियमबाहेर 11 जण दगावले आणि आत सत्कार सुरू होता.

जास्त पोलीस द्या, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी पोलीस भरपूर होते आणि बहुतेकांची तोंडं व्यासपीठाकडे होती. मला हवा आहे एकच अधिकारी, उंचावर, व्यासपीठाकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून उभा राहणारा. प्रवेश थांबवण्याचा, सगळी दारं उघडण्याचा, भाषण मध्येच बंद करायला लावण्याचा अधिकार त्याला असावा. आणि, रागावू नका, आपला ताफा अडवण्याचाही. सोहळ्याला परवानगी देणाऱ्या कागदावर त्याचं नाव असावं. नाव नसेल तर परवानगी नको.

त्या संध्याकाळी ताफा गेल्यावर मोठं दार उघडलं. पाठीवरचा भार इतका झटकन उतरला की मुलगी तोल जाऊन पुढे पडता पडता राहिली. दार चांगलं दोन ट्रक शेजारी शेजारी जातील एवढं रुंद होतं.

आपली,
त्या गर्दीतली एक