माउस माझ्याच हातात राहू दिलात, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर घरी येऊन तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण सगळ्यांसमोर लिहितेय, कारण सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या बाकीच्या पोरापोरींनीही ते वाचावं असं वाटतं. ज्यांनी मला "रेडिओ-बिडिओ सोड, सेन्सर लाव, ॲप कर, मार्क मिळतील" म्हणून वाटेला लावलं, त्यांच्या नजरेस पडलं तरी चालेल.

परवा व्हायव्हा झाली. चांगली झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन-टोन चाचणीचा, म्हणजे जवळजवळचे दोन सिग्नल एकदम देऊन सर्किट त्यात काय भलतं मिसळतं ते बघण्याचा, आलेख स्वतःकडे ओढून घेतला आणि बराच वेळ त्यावरच बोलत राहिले. त्या आलेखामागे तुम्ही होतात, हे तिथे सांगायचं राहून गेलं.

माझा विषय तसा साधाच होता. हौशी रेडिओच्या ४० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, एक मिक्सर (दोन फ्रिक्वेन्सी मिसळून नवी काढणारं सर्किट) आणि एक पॉवर ॲम्प्लिफायर (सिग्नलची ताकद वाढवणारं) करायचा. आधी संगणकावर चालवून बघायचा, मग बोर्डावर बांधायचा. पण सिम्युलेशनचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख, काढला की खाली नुसता गोंगाट दिसायचा. बघायची ती रेघच त्यात बुडून जायची. विचारायला गेले तर एकांनी "मॉडेलच चुकीचं असणार" म्हणून फाइल न उघडताच परत पाठवलं. दुसरे शेजारी बसले, माझ्या हातातला माउस घेतला, चार ठिकाणी काहीतरी बदललं, "बघ, झालं" म्हणाले आणि निघून गेले. काय बदललं ते आजही मला माहीत नाही. तिसऱ्यांनी तर रिपोर्टसकट तयार प्रोजेक्टचा भाव सांगितला. माझे बाबा यंत्रमागावर उभे राहून कमावतात. तो आकडा ऐकल्यावर मला राग आला होता, आणि अजून गेलेला नाही.

मग बाबांच्या ओळखीतून तुमचं नाव कळलं. मे महिना, भर दुपार, जुळे सोलापुरातलं तुमचं घर. दिवाणावर चादर, तिच्यावर माझा तापलेला लॅपटॉप. तुम्ही खुर्ची ओढून बाजूला बसलात, दोन्ही हात मांडीवर ठेवलेत आणि उठेपर्यंत माउसला बोट लावलं नाहीत.

काका, तुम्हाला हे आठवतही नसेल. मला मात्र त्या दुपारचं सगळ्यात जास्त हेच आठवतं. मी मेनू शोधत होते, चुकीचा उघडत होते, बंद करत होते. कुठे क्लिक करायचं ते तुम्हाला दिसत असणार. एकदा तुमचा हात उचलला गेला, चष्मा वर सरकवलात आणि हात पुन्हा मांडीवर गेला. मध्येच लाइट गेली, पंखा थांबला, काकूंनी ताक आणून दिलं. तुम्ही घाम पुसत विचारलंत, "हा प्रोग्रॅम सगळे बिंदू साठवतो, का काही गाळतो?" उत्तर दिलं नाहीत. मी मदतीची पानं चाळली. एलटीस्पाइस हा माझा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम जागा वाचवायला लहरीचे बिंदू दाबून साठवतो आणि त्या दाबलेल्या लहरीचा फूरिये (लहरीतल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं गणित) काढला की खोटा गोंगाट उभा राहतो, हे मला तिथे सापडलं. ती दाबादाबी बंद करायला प्लॉटविनसाइज ही सेटिंग शून्य केली, पुन्हा चालवलं, आणि खालचा गाळ बसला. ७.१००७ आणि ७.१०१९ मेगाहर्ट्झ या दोन टोनांच्या दोन्ही बाजूंना, ७.०९९५ आणि ७.१०३१ वर, दोन्ही टोन एकमेकांत मिसळून तयार झालेल्या तिसऱ्या क्रमाच्या रेघा स्वच्छ उभ्या होत्या. मी ओरडलेच.

त्या रेघा का महत्त्वाच्या, हे वर्गात कुणी नीट सांगितलं नव्हतं. दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या हार्मोनिक लांब असतात, फिल्टर त्यांना अडवतो. या मात्र आपल्याच आवाजाला चिकटून बसतात आणि शेजारच्या माणसाचं बोलणं बिघडवतात. इनपुट १ डेसिबल वाढवलं की या ३ डेसिबलने वाढतात. "म्हणून पॉवर वाढवण्याआधी या रेघांकडे बघायचं," एवढंच तुम्ही म्हणालात.

सिम्युलेशनला इतका वेळ का लागतो, हेही त्याच दिवशी उमगलं. १९७३ साली अमेरिकेत बर्कलीत तयार झालेला स्पाइस हा मूळ प्रोग्रॅम आणि त्याची एलटीस्पाइससारखी पुढची भावंडं वेळेत पावलापावलाने चालतात. १.२ किलोहर्ट्झ अंतरावरचे दोन टोन वेगळे दिसायला किमान ०.८३ मिलिसेकंद हवेत, आणि तेवढ्यात ७.१ मेगाहर्ट्झची जवळपास ५,९०० आवर्तनं होतात. सर्किट स्थिरावायचा वेळ वेगळाच. हार्मोनिक बॅलन्स या दुसऱ्या पद्धतीत कॉइल-कपॅसिटरचा हिशेब फ्रिक्वेन्सीत करतात, ट्रान्झिस्टरचा वेळेत, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला प्रवाह जुळेपर्यंत इकडून तिकडे फेऱ्या मारतात. रेडिओवाल्यांचे महागडे प्रोग्रॅम हेच करतात. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचं झाइस मात्र फुकट आहे आणि त्यात हे जमतं.

मिक्सरचं, म्हणजे चार डायोड आणि ट्रान्सफॉर्मरच्या त्या सर्किटचं, तर वेगळंच. मूळचा १.९ बाहेर येऊ नये असाच तो जुळवलेला असतो. ९ मेगाहर्ट्झमध्ये १.९ मिसळले की ७.१ आणि १०.९ मिळतात, आणि माझ्या पडद्यावर १.९ चा मागमूसही नव्हता. मी खुशीत होते. तुम्ही विचारलंत, "चारही डायोड जुळे आहेत का गं? आणि ट्रान्सफॉर्मरचे दोन्ही अर्धे तू हाताने अगदी सारखेच गुंडाळणार?" एका डायोडचा सॅच्युरेशन करंट जरासा वाढवला, एका अर्ध्याचं इंडक्टन्स थोडं कमी केलं, आणि १.९ लगेच डोकं वर काढून उभा. बोर्ड बांधल्यावर तो तिथेच दिसला.

शिकलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण अनोळखी पोरीसाठी भर उन्हातली दुपार खर्चून, तिला तिच्या गतीने चुकू देणारा माणूस भेटला की पुढची कितीतरी वर्षं अंगात बळ राहतं. सिद्धेश्वराच्या गावात अशी माणसं आहेत, त्यांचा गवगवा होत नाही, म्हणून मी आज मुद्दाम करतेय. मनापासून आभार, काका. काकूंचेही.

ॲम्प्लिफायर सध्या ५० ओहमच्या डमी लोडवरच (अँटेनाऐवजी जोडायच्या रोधकावर) चालवतेय. अँटेना जोडणार ती हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यावरच, त्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय. तेच सर्किट झाइसवर चढवलं, तर तिसऱ्या क्रमाच्या रेघा एलटीस्पाइसपेक्षा थोड्या खाली येतायत. मला वाटतं मी हार्मोनिक कमी घेतल्यात. संख्या वाढवून पुन्हा चालवते आणि रविवारी दोन्ही आलेख घेऊन येते.

तुमची,
अशोक चौकातली विद्यार्थिनी