शुभीस, इलीहून

इली, मिनेसोटा
११ जून

प्रिय शुभे,

इकडे सगळं ठीक. माझी शुगर आटोक्यात आहे, ह्यांचा खांदा अजून दुखतो, डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. ते असो. आज लिहायला बसले ते आपल्या अस्वलिणीसाठी. तिने दोन्ही पिल्लांना हाकललं.

मे संपेपर्यंत तिघं एकत्र होती. एप्रिलमध्ये गुहेतून बाहेर आली तेव्हा पिल्लं सव्वा वर्षाची, तरी झोपायची आईला चिकटूनच. अ‍ॅस्पेनला कोवळी पानं फुटली की तिघांचा मुक्काम त्या झाडांखाली, नाहीतर कुजके ओंडके उलटून मुंग्यांची अंडी चाटायची. भाऊ दांडगा. धाकटी किरकोळ, नुसते कान मोठे.

गेल्या आठवड्यात एक थोराड नर आला. मे अखेर आणि जून हा इथल्या काळ्या अस्वलांच्या माजाचा काळ. आईने पिल्लांना झाडावर चढवलं, ते नेहमीचंच. पण नर लांब गेल्यावर धाकटी उतरून तिच्या पोटाशी गेली, तर आईने फुस्कारा सोडला, दातांवर दात आपटले आणि चक्क अंगावर धावून गेली. पोरगी सरसर व्हाइट पाइनवर. ती उतरायला लागली की आई पुन्हा धावे. भाऊ काय ते समजला आणि चालू लागला. ही मात्र खोडाला मिठी मारून कण्हत बसली. संध्याकाळी आई निघून गेली, एकदाही वर न बघता.

शुभे, मला तिथे वाईचा एसटी स्टँड दिसला. खिडकीत पुण्याला हॉस्टेलवर निघालेली तू, आणि काकूंची पाठ.

आता तू म्हणशील, झालं हिचं सुरू. मी म्हणायचं, काकूंनी तुझ्या शिक्षणासाठी केलं. तू म्हणायचं, टाकलं मला. नंदाताईच्या लग्नात मेंदीचे हात वर धरून आपण ह्याच्यावरूनच भांडत होतो, आणि तिकडे पंगत उठली! जिलेबी गेली ती तुझ्यामुळे, हे मी आजही म्हणणार.

पण ऐक. लिन रॉजर्स यांनी ह्याच भागातल्या अस्वलांचा वर्षानुवर्षं माग काढला, त्यांचा मोठा अभ्यास १९८७ साली छापून आला. हाकललेली मुलगी बहुतेक वेळा आईच्याच मुलखात राहते, असं त्यात आहे. ती वाढते तशी आई स्वतः बाजूला सरकते आणि ओळखीची जागा तिला मोकळी करून देते. मुलगे पुढे लांब जातात, कधी शंभर-दोनशे किलोमीटर. मला मेणवलीचं शेत आठवलं, काकूंनी तुझ्या नावावर केलेलं. तुझं उत्तरही पाठ आहे मला : "शेत कोणी मागितलं होतं?" धाकटीने तरी कुठे मागितलं होतं?

आईचा नाइलाज मला कळतो. जानेवारीत गुहेत नवी पिल्लं होतील. दर दोन वर्षांनी हे असंच चालायचं. कळतं सगळं, तरी रात्री झोप लागत नाही. ब्लूबेरी, रासबेरी जुलैत. तोवर पाला आणि मुंग्यांवर त्या एवढ्याशा जिवाने दिवस काढायचे. मोठे नर फिरतायत, रस्त्यावर लाकडाचे ट्रक. त्यातून निभावली तर सप्टेंबरात शिकारीचा हंगाम. जंगलात गोडधोड टाकून अस्वलांना बोलावतात, कायद्याने चालतं ते इथे. भुकेल्या पोरीने तिथे जायचं नाही हे तिला कोण सांगणार?

होप आठवते ना, लिली अस्वलिणीची पोर? २०१० साली लिलीच्या गुहेतला कॅमेरा तू साताऱ्याच्या त्या रडक्या इंटरनेटवर रात्र रात्र बघायचीस, चित्र अडकलं की मला फोन. त्या लिलीने तर मुलीला जवळ ठेवलं होतं. २०११च्या जानेवारीत नवी पिल्लं झाली तेव्हाही होप त्याच गुहेत होती. आणि सप्टेंबरात शिकाऱ्याने होपला मारलं. म्हणजे आईजवळ राहिलेलीही वाचली नाही. मग मी कशाच्या आधारावर निश्चिंत राहू?

दरवेशाकडून घेतलेला अस्वलाचा केस ताईतात घालून तू भूमितीच्या पेपरला बसली होतीस. पास झालीस, तेव्हा त्या जातीचं देणं आहे तुझ्यावर! धाकटीसाठी गणपतीला काहीतरी बोल.

बाकी अनूच्या इंटरव्ह्यूचं काय झालं? दादांचा मोतीबिंदू काढला का? घराला पिस्ता रंग देऊ नकोस, दवाखाना वाटेल. काकूंना माझा नमस्कार सांग, गुडघ्याचं तेल पाठवते.

आणि मला एक खरं सांग. आई अजून त्याच ओढ्याकाठी फिरते आहे. धाकटीला तिचा वास रोज येत असणार, पण जवळ जायची सोय नाही. पुण्यात हॉस्टेलवर त्या पहिल्या महिन्यात काकू येऊन भेटून परत गेल्या असत्या तर तुला बरं वाटलं असतं, की न आल्या तेच बरं झालं? मला ठरवता येत नाही. तुला माहीत असणार. भांडायचं असलं तरी चालेल, पण पत्रातच लिही. फोनवर तू विषय बदलतेस.

तुझीच,
अरू