सड्यावरच्या कातळशिल्पांसाठी: माननीय सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातील एक ग्रामस्थ. लहानपणी गुरे घेऊन सड्यावर, म्हणजे सपाट कातळाच्या पठारावर जात असे, तेव्हा तिथल्या जांभा दगडात कोरलेल्या रेषांवरून आम्ही मुले अनवाणी पायांनी चालत असू. थोरली माणसे सांगत की ही पांडवांची कामे. आता अभ्यासक ही कातळशिल्पे हजारो वर्षांपूर्वीची, मध्याश्मयुगाच्या आसपासची असावीत असे मानतात. २०२२ साली कोकणातील अशा नऊ ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांपैकी सात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसायमाळ गोव्यात आहे.

कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत इतर प्राण्यांची दाटी आहे. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस दिसतो. आज कोकणात कुठेही न आढळणारा गेंडासुद्धा या कातळांवर आहे, म्हणजे कोरणाऱ्याने तो कुठेतरी पाहिला असणार! त्या माणसांची घरे, भाषा, नावे यांतले काहीही उरलेले नाही. त्यांनी काय पाहिले, एवढेच या रेषांत उरले आहे.

या ठिकाणांकडे आता पर्यटक येऊ लागले आहेत आणि त्यांचे आम्हाला मनापासून स्वागत आहे. मात्र रस्ता आणि फलक आधी व संरक्षण नंतर, असा क्रम लागला तर मोठी हानी होईल. सडा सपाट असल्याने गाडी थेट चित्रापर्यंत जाते, आणि पावसाळ्यानंतर गवत वाढले की चाकाखाली काय आले हे चालवणाऱ्याला कळतही नाही. त्याहून मोठा धोका चिरेखाणीचा, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणीचा आहे, कारण चाकाने रेषा झिजते, पण खाणीत कातळच कापून नेला जातो.

बहुतेक जागा खाजगी आहेत. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात आणि निम्मे हिस्सेदार मुंबईत चाकरमानी. अशा जमिनीची विक्री किंवा खाणीचा करार होताना तेथे शिल्प असल्याची कागदोपत्री खूण नसेल, तर दोष कोणाला द्यावा? म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी की, ज्ञात असलेल्या प्रत्येक कातळशिल्पाची मोजणी करून त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, चिऱ्यासारख्या गौण खनिजाचा परवाना देण्यापूर्वी ती तपासणे महसूल विभागाशी बोलून बंधनकारक करावे, आणि ज्यांच्या जमिनीचा वापर यामुळे थांबेल त्या मालकांना योग्य मोबदला द्यावा.

उक्षीच्या ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन आपल्या गावातील हत्तीच्या चित्राभोवती चिऱ्यांचे संरक्षक बांधकाम केले. हे काम गावाला जमते, फक्त त्याला आराखडा आणि थोडा निधी लागतो. वाडीतील मुलामुलींना वाटाड्याचे प्रशिक्षण मिळाले, वाहने शेवटच्या घराशीच थांबवून पुढे चालत जाण्याची पद्धत लावली, आणि फोटोसाठी रेषांत खडू किंवा चुना भरण्यास मनाई झाली, तर येणाऱ्याला शिल्पही नीट पाहता येईल आणि वाडीला चार पैसेही मिळतील.

आपण गवत सुकल्यावर, हिवाळ्यात एकदा यावे. सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना रेषा सर्वांत स्पष्ट दिसतात. सड्यावर आम्ही आपल्यासोबत चालू, आणि मोजणीसाठी खुणा कोठे घालाव्यात हे जागेवरच दाखवू.

आपला नम्र,
राजापूर तालुक्यातील एक ग्रामस्थ