उरणला गाडी येते, तू कधी येणार?

उरण,
पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

तुझं ठेवणीतलं कारण आता चालायचं नाही. 'उरणला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो' म्हणत तू किती गणपती बुडवलेस, ते मोजलेत मी. लोकलचा खारकोपर-उरण टप्पा १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. नेरूळला नाहीतर बेलापूरला गाडी बदल, की पाऊण तासाच्या आसपास घरी. सिडको आणि रेल्वेनं खर्च वाटून घेतलेली ही २७ किलोमीटरची लाइन आपण शाळेत असल्यापासून 'येतेय'! खारकोपरपर्यंतची निम्मी २०१८ लाच झाली; उरलेल्या निम्मीला आणखी पाच वर्षं. जेएनपीटी बंदराच्या कंटेनरमागे एसटीत ताटकळलेले आपण, त्यापुढे पाच वर्षं काय!

परवा पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी लागली. एक मावशी, बहुधा करंजाच्या, रिकामी पाटी काखेत घेऊन उतरल्या आणि मनगटाला चिकटलेला खवला नखानं खरवडत चालू लागल्या. तेवढ्यात मोटरमन बॅग खांद्याला अडकवून मागच्या टोकाकडे निघाला, गार्ड पुढच्या. फलाटाच्या मध्यावर दोघं भेटले, काहीतरी बोलून हसले नि आपापल्या टोकाला गेले. पुढे रूळच नाहीत ना. मला का कोण जाणे, ते बघायला फार आवडतं.

आई मात्र अजून मोरा बंदराच्या लाँचमध्येच आहे. तुझा विषय निघाला तर म्हणाली, "पुनवेला नको बोलावू त्याला, सांजचं पाणी नसतं." उधाणाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी, धक्क्यापाशी नुसता गाळ, आणि नेमकी तीच चाकरमान्यांची वेळ. भाऊच्या धक्क्यावरून येताना आपण एकदा त्या चिखलासमोर दीड तास डोलत होतो, आठवतं? तुला ओकारी झाली होती. दोष मात्र तू वडापावला दिलास.

"आई, गाडीला ओहोटी नसते," म्हटलं. ती म्हणाली, "मग काल तासभर बाकावर कशाला बसला होतास?" गाडी चुकली होती. काय बोलणार!

येण्याआधी फोन कर, जिताडं मासा सांगून ठेवतो. न्हावा-शेवाला कंटेनरच्या चळती दिसल्या की चपला घाल, दोन स्टेशनं उरतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मी सांगणार नाही.

तुझाच,
मोऱ्याचा सोबती