कर्णबधिर खेळाडूंच्या खेळाची बातमी द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. आमची मुलं एखादी स्पर्धा जिंकून आली की मथळा ठरलेला असायचा : 'मूकबधिर मुलांची अपंगत्वावर मात'. सामना कसा रंगला, कोण चांगलं खेळलं, याचा बातमीत पत्ता नसे. आणि ही मुलं मूक नसतात हो, त्यांना खुणांची भाषा असते.

म्हणून वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल लिहिते आहे. हे कर्णबधिरांचं विद्यापीठ 1864 पासूनचं. संघ अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतला, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती कोणालाच नाही. 2013 साली या संघाने नियमित हंगामातले दहापैकी नऊ सामने जिंकले, गटाचं विजेतेपद मिळवलं आणि पहिल्यांदाच राष्ट्रीय बाद फेरी गाठली. तिथे होबार्ट कॉलेजने त्यांना 34-7 असं हरवलं.

त्यांचा खेळ पाहण्यासारखा आहे. बहुतेक संघ क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, आरोळीवर चाल सुरू करतात. प्रेक्षकांचा गोंगाट वाढला की ती आरोळी बुडते आणि खेळाडू गडबडतात. गॅलॉडेटच्या मुलांची नजर चेंडूवर असते. चेंडू हलला की ती उसळतात, गोंगाटाने त्यांचं काही बिघडत नाही. तेव्हाचे प्रशिक्षक चक गोल्डस्टीन स्वतः ऐकू शकणारे, पण मैदानावर ते मुलांच्या भाषेत बोलत. क्रिकेटपटू खांद्यावर हात टाकून कडं करतात ना, अमेरिकन फुटबॉलमधल्या तशा कड्याचं श्रेयही गॅलॉडेटच्याच खेळाडूला, पॉल हबर्डला, दिलं जातं. 1890च्या दशकात प्रतिस्पर्धीही कर्णबधिर असले की ते खुणा वाचत, म्हणून त्याने आपले गडी जवळ घेऊन खुणा झाकल्या.

2023 मध्ये या संघासाठी खास हेल्मेट तयार झालं. प्रशिक्षकाची सूचना क्वार्टरबॅकच्या डोळ्यासमोर छोट्या पडद्यावर उमटते. सामन्यात ते वापरायला कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेने परवानगी दिली.

या संघाबद्दल वाचताना मला आमचा खो-खो आठवला. पाठीवर थाप पडली की आमची मुलगी विजेसारखी उठायची. पण थाप देणारीने तोंडाने 'खो' म्हटलं नाही म्हणून एका आंतरशालेय सामन्यात पंचांनी पुन्हा पुन्हा फाउल दिले. उठणारीला तो शब्द ऐकूच येणार नव्हता! आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'मूकबधिर मुलींची जिद्द'. थाप सगळ्यांना दिसत असताना आवाज कोणासाठी हवा होता, हे त्या दिवशी वार्ताहराने पंचांना विचारलं असतं तर ते कात्रण मी आजही जपून ठेवलं असतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली