दिल्यास, वाघोलीच्या फ्लॅटबद्दल

पुणे ३८

प्रिय दिल्या,

तुझं ब्रोशर मिळालं आणि त्याच्या पाठीवर पेनने केलेला हिशेबही. ब्रोशरमधला तरणतलाव बघून झाला, हिशेब मात्र दोनदा वाचला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

साठ लाखांचा टू बीएचके, वीस हजार भाडं, 'वर थोडे घातले की हप्ता निघतो'. किती घालावे लागतील ते लिहायचं तू टाळलंयस. या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे महिना ४१,६६४, आणि सुरुवातीला त्यातले ३४ हजार नुसतं व्याज. आता तुझ्या वीस हजारांतून सोसायटीचा मेंटेनन्स काढ, घरपट्टी काढ, भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामं राहतं तो काढ. चौदा-पंधरा हजार हातात राहिले तर नशीब. उरलेले सव्वीस हजार दर महिन्याला तुझ्या पगारातून जाणार. तुला पेलतील की नाही ते तू ठरव, पण फ्लॅट 'स्वतःचा स्वतः फिटतो' असं वहिनींना सांगू नकोस.

शिवाय इमारत अजून उभी राहतेय. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, व्याज मात्र चालू. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी म्हणजे तीन लाख, ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे चार लाख वीस हजार, नोंदणीचे तीस हजार. हे साडेसात लाख किमतीच्या वर लागतात. प्लॉट विकून आलेल्या तीस लाखांतले 'बारा भरू, अठरा एफडीत राहतील' हे गणित तिथेच कोसळतं. घर एकट्या वहिनींच्या नावावर घेतलंस तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का वाचेल, तेवढं जरूर कर. करात मात्र त्याने फरक पडणार नाही. पैसे तुझे असले की भाडं तुझ्याच उत्पन्नात धरतात.

कराचंही तुझ्या डोक्यात जुनंच आहे. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के आणि व्याज वजा होतं, इथपर्यंत बरोबर. पण त्यातून येणारा तोटा पगारातून वळता करायचा तर आयकराच्या जुन्या पद्धतीत दोन लाखांपर्यंतच, आणि नव्या पद्धतीत अजिबात नाही. तू मागच्या वर्षी नव्या पद्धतीत गेलास ना?

माझं मत विचारशील तर वाघोली सोड. वाघोली वाईट नाही, खराडीला नोकरी करणारी पोरं तिथे राहतातच. पण नवे टॉवर इतके आहेत की भाडेकरूला शेजारच्या गेटवर दुसरा फ्लॅट मिळतो, आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च सोसायटी तुझ्याच बिलात लावते. त्यापेक्षा वारजे नाहीतर कर्वेनगरला जुन्या सोसायटीतला तयार वन बीएचके बघ. कमिन्स कॉलेजमुळे मुलींना घरं लागतातच. पंचेचाळीस लाखांच्या आसपास एक आहे. लिफ्ट नाही, दिसायला साधा. एकवीस स्वतःचे घाल, चोवीस कर्ज घे. हप्ता २०,८०० च्या आसपास. स्टॅम्प ड्युटी, नोंदणीचे साडेतीन लाख जाऊनही पाचेक लाख हाताशी राहतात. जीएसटी नाही, कारण इमारत पूर्ण झालेली. भाडं सोळा धरलं तरी महिन्याची तूट आठेक हजार. घर पहिल्या महिन्यापासून कमवायला लागतं, हे मला तरणतलावापेक्षा मोठं वाटतं. फक्त भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आहे का, आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे वकिलाकडून बघून घेतल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

आता खरी कटकट. सांगलीत बसून भाडेकरू कोण सांभाळणार? 'किल्ली तुझ्याकडे ठेवतो' हे वाक्य येणार हे मला माहीत आहे. ठेव. पण माझ्या वारजेच्या फ्लॅटचा अनुभव ऐकून ठेव. मागच्या पावसाळ्यात बाथरूमच्या छतातून गळायला लागलं. वरचे म्हणतात आमचा पाइप नाही, सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही बघा, भाडेकरू म्हणतो भाडं कापतो. प्लंबर तिघांना घाबरून फोन उचलेना. शेवटी वरच्यांच्या बाथरूमच्या फरशा उचलाव्या लागल्या, खर्च निम्मा-निम्मा. पंधरा दिवस माझ्या डोक्याला दुसरा विषय नव्हता.

करार तोंडी किंवा नुसत्या स्टॅम्प पेपरवर करायचा नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लेखी आणि नोंदणीकृत करार करून घेणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे, चुकल्यास दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, ऑनलाइन होतो, एजंट अंगठ्याचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येतो. वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने धरलेस तरी स्टॅम्प ड्युटी साडेपाचशेच्या वर जेमतेम जाते, नोंदणीचे हजार. लोक सवयीने अकरा महिन्यांचाच करतात. मी तेहेतीसचा करतो, दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ लिहूनच. नाहीतर प्रत्येक वेळी एजंट, अंगठे आणि तीच घासाघीस. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर नोंदणीकृत करार हाच पुरावा असतो, आणि दुप्पट भाडं मागता येतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात भरायची.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याचे जादा पैसे मागेल. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर देऊ नकोस, तशी सरकारी मर्यादा २००१ पासून आहे. आणि घरपट्टीतली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच मिळते. आधीच्या मालकाचं बिल बघून हिशेब मांडू नकोस, ते राहतात तिथेच.

भाडेकरूंच्या बाबतीत आमच्या सोसायटीत 'बॅचलर नको' हे पालुपद आहे. माझ्याकडे दोन वर्षं तीन पोरं आहेत, भाडं एक तारखेला येतं, गॅलरीत तुळस आहे. आधीचं कुटुंब डिपॉझिटमधून शेवटचे तीन महिने राहून गेलं.

वर सांगितलेल्या पंचेचाळीस लाखांच्या वारजेच्या फ्लॅटचे मालक शनिवारी तो दाखवायला तयार आहेत. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवलीय. सकाळच्या गाडीने ये, स्वारगेटला उतरलास की फोन कर. वाघोलीचं बुकिंग तोपर्यंत करू नकोस, आणि बिल्डरचा माणूस 'आजची शेवटची ऑफर' म्हणाला तर माझा नंबर दे.

वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
सुध्या