काका, ती टेपची पट्टी काढू नका

काका,

फोनवर तुम्ही मला थँक्यू म्हणूच देत नाही. "बरं बरं, ठेव आता, रिक्षावाला आलाय" म्हणता आणि कट. (बाकीच्यांसाठी सांगते, रिक्षावाला म्हणजे भोंगा लावलेली जाहिरातीची रिक्षा. माझ्या पहिल्यावहिल्या सोलो रॉक सिंगलचा रेकॉर्डिस्ट एरवी "मतदार बंधू-भगिनींनो" आणि साड्यांच्या सेलच्या घोषणा रेकॉर्ड करतो, आणि श्रावण लागला की भजनी मंडळं.) म्हणून इथेच लिहितेय सगळ्यांसमोर, इथे तरी तुम्हाला कट करता येणार नाही.

गाणं शुक्रवारी आलं. किती लोकांनी ऐकलं ते विचारू नका, पण माझ्या आईने मात्र दिवसभर लावून लावून शेजारच्यांना पाठ करवलंय.

नऊ वर्षं मी एका बँडमध्ये गात होते. मी बँड सोडला की बँडने मला सोडलं यावर अजून एकमत झालेलं नाही, पण व्हॉट्सअप ग्रुपमधून मला काढलं ते मंगळवारी रात्री साडेअकराला, एवढं नक्की. त्यानंतरचे आठ महिने काय सांगू, एका मोठ्या स्टुडिओने अॅडव्हान्स घेतला आणि तारीख देताना दर वेळी त्यांचा एसी बिघडायचा, एक जण म्हणाला हिंदीत कर मग बघू, आणि एकाने तर सरळ विचारलं की आवाज चांगलाय गं पण बँडशिवाय तुला ओळखतं कोण. हसत विचारलं वर. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं म्हणून जास्त लागलं.

तुमच्याकडे मी आले ते खरं सांगायचं तर स्वस्त म्हणून. सॉरी. आणि मनात धाकधूक, की ह्या माणसाला डिस्टॉर्शन गिटार म्हणजे मशीन बिघडलं असं तर वाटणार नाही ना. पहिल्या दिवशी मी तुम्हाला रेफरन्स म्हणून पीटर गॅब्रिएल या इंग्रज रॉक गायकाचं 'सॉल्सबरी हिल' ऐकवलं. तुम्ही डोळे मिटून बसलात, उजवा हात मांडीवर, आणि पहिलं कडवं संपायच्या आत म्हणालात, "अगं हा तर रूपक! तीं तीं ना, धी ना, धी ना. सातच तर आहेत." मग पुढे एका जागी भुवई उडवलीत, "इथे मात्र लेकाने चारचं केलं बघ." काका, आमच्या ड्रमरने माझी सात मात्रांची चाल तीन वर्षं नको म्हणून ठेवून दिली होती, का तर सातवर पब्लिक नाचत नाही. तुम्ही दोन मिनिटांत ठेका धरलात. वर समजावून सांगितलंत की रूपकात समेलाच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, खाली असते, म्हणजे बाकीचे ताल जिथे जोर देतात तिथे हा हात उचलतो. मी इतकी वर्षं पायाने जमीन बडवत मोजत होते तेव्हा हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या गाण्याची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती, परत सांगते कारण इथे बरेच जण नुसतं ऐकतात पण त्यांना माहीत नसते. गॅब्रिएलने त्याचा बँड जेनेसिस सोडला 1975 ला, बँड ऐन भरात असताना. पेपरवाल्यांना एक लांबलचक पत्र लिहून सोडला, त्यात भांडण नाही, चिखलफेक नाही, उलट कोबीचा उल्लेख आहे, कारण घरी बायको-पोरीसोबत राहून तो भाजीपाला लावत होता. (तुम्ही म्हणालात, "कोबी? मग माणूस बरा असणार.") मग टोरंटोला जाऊन बॉब एझ्रिन नावाच्या प्रोड्यूसरकडे रेकॉर्डिंग केलं आणि 1977 मध्ये हे पहिलं सोलो सिंगल आलं. बाथ गावाजवळची खरीखुरी टेकडी आहे ती. ब्रिटनमध्ये गाणं 13 नंबरपर्यंत गेलं. तेही सात मात्रांवर! यावर तुमचं म्हणणं काय तर, "टेकडीवरच सुचतं तर आपली वेताळ टेकडी काय वाईट आहे?" आणि मी खरंच गेले दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसरं कडवं तिथेच झालं, मोरांच्या ओरडण्यात.

मागे बँडचं काय झालं हे मात्र मी तेव्हा गाळलं होतं. त्यांचा ड्रमर फिल कॉलिन्स गायला लागला आणि बँड अजून मोठा झाला. आमचाही ड्रमर हल्ली गातो. असो.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटत असेल मी पैशांबद्दल आभार मानतेय, किंवा रात्री दीडपर्यंत थांबलात त्याबद्दल, किंवा काकूंच्या थालीपिठांबद्दल. त्याबद्दल आहेतच. पण मला रडू आलं ते मिक्सरवरच्या पट्टीमुळे. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. मी हेडफोन लावून आत उभी होते आणि काचेतून दिसत होतं, तुम्ही त्या जुन्या मिक्सरवर चॅनलच्या खाली पांढरी टेप चिकटवलीत, दाताने तोडून, आणि मार्करचं टोपण तोंडात धरून त्यावर काहीतरी लिहिलंत. मला वाटलं व्होकल लिहिलं असेल. नऊ वर्षं आम्ही ज्या स्टुडिओत जायचो तिथे माझ्या चॅनलवर 'फीमेल' लिहिलेलं असायचं. गिटारवाल्याचं नाव, बासवाल्याचं नाव, आणि मी फीमेल. मी कधी काही बोलले नाही, बोलण्यासारखं काय आहे त्यात असं मलाच वाटायचं. बाहेर येऊन बघते तर तुम्ही माझं नाव लिहिलेलं, मराठीत, वेलांटी जरा जास्तच मोठी.

आणि पंधरा दिवसांनी मी परत आले तरी ती पट्टी तिथेच. मधे एक भजनी मंडळ येऊन गेलं होतं, त्यांचे टाळ-पखवाज सगळं त्याच मिक्सरवर झालं असणार, पण तो एक चॅनल सोडून तुम्ही बाकीच्यांवर भागवलंत. मी विचारलं तर म्हणालात, "तुझं काम संपलं नव्हतं ना अजून." एवढंच. आणि लगेच पंखा वाजतोय का म्हणून बघायला उठलात. गॅब्रिएलच्या पहिल्या चारही अल्बमना नाव एकच आहे, त्याचं स्वतःचं. मला ते आधी शिष्टपणा वाटायचा. आता नाही वाटत.

साधी माणुसकी म्हणतात ती इतकी थोडी असते काका, सहा इंच टेप. ती दाखवायला ना मोठा स्टुडिओ लागतो ना कॉन्टॅक्ट्स. 1982 मध्ये गॅब्रिएलचा वोमॅड हा जगभरच्या संगीताचा फेस्टिव्हल कर्जात बुडाला तेव्हा सात वर्षांपूर्वी सोडलेला तोच जेनेसिस त्याच्यासाठी एका संध्याकाळी स्टेजवर आला, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला, 2 ऑक्टोबरला, भर पावसात. आणि गॅब्रिएलने एन्ट्री घेतली शवपेटीतून, नाटकी माणूस! माझं कर्ज वगैरे नाहीये (ईएमआय आहे), मला कुणी पावसात उभं राहायला नको होतं, पण नऊ वर्षं एका टेम्पोत झोपत प्रवास केलेल्या चौघांपैकी एकाने तरी गाण्याला साधा अंगठा द्यायला हरकत नव्हती. बघितलंय सगळ्यांनी, मला दिसतं ते.

क्रेडिटमध्ये नाव टाकू नको म्हणालात, आरतीवाले हसतील म्हणून. नाही टाकलं, शब्द पाळला. पण गिटार सुरू व्हायच्या आधी दोन सेकंद जो आवाज येतो, "हं, तीं तीं ना", तो टॉकबॅकवरून (काचेपलीकडून माझ्याशी बोलायचा तुमचा माइक) चुकून रेकॉर्ड झालेला तुमचा आहे. काढून टाक असं तुम्ही तीनदा सांगितलंत. मी हो म्हणाले आणि काढला नाही.

रविवारी येतेय, काकूंना सांगा थालीपिठं नकोत, मी भेळ आणतेय.